पाणी झिरपणारं काँक्रीट तुंबलं, तर उखडायच्या आधी

आमच्या पाषाणच्या सोसायटीत गेटपासून पार्किंगपर्यंत पाणी झिरपणारं काँक्रीट आहे. वाळू जवळजवळ नाहीच, खडी आणि सिमेंट, मधे १५ ते २५ टक्के पोकळी. दिसायला थेट चिक्की. पहिल्या पावसाळ्यात आम्ही बादल्या ओतून गंमत बघायचो. चौथ्या पावसाळ्यात गेटपाशी घोटाभर पाणी, आणि मीटिंगमध्ये एकच सूर: उखडा, पेव्हर टाका. सेक्रेटरी मी, त्यामुळे बोलणी माझ्या वाट्याला.

आधी मोजून बघा. फॅब्रिकेशनवाल्याकडून ३० सेंमी व्यासाचं पत्र्याचं कडं करून घ्या, जमिनीवर ठेवून बाहेरची फट पुट्टीने बुजवा. (मी कणीक लावली. चालते, पण लगेच खरवडा, मुंग्या धावतात.) एकदा ३.६ लिटर पाणी ओतून जमीन भिजवा. ते अर्ध्या मिनिटाच्या आत गेलं तर मोजणीला १८ लिटर घ्या, नाहीतर पुन्हा ३.६. कड्यात पाणी एक-दीड सेंमीच राहील अशा बेताने ओतत राहा आणि सगळं जिरेपर्यंतची वेळ लावा. ३.६ लिटर म्हणजे त्या कड्यात ५१ मिमी पाणी. आमच्या मागच्या कोपऱ्यात १८ लिटर ७० सेकंदांत गेलं, गेटपाशी ३.६ लिटरला ११ मिनिटं लागली. म्हणजे तासाला २७८ मिमी. पुण्याच्या पावसाला तेवढं पुरेल असं वाटतं, पण गच्चीचे पाइपही तिथेच सुटतात ना!

मग गाळ आला कुठून? फार शोधावं लागलं नाही. बाजूच्या उघड्या प्लॉटची काळी माती टायरला चिकटून येते. एका फ्लॅटच्या टाइल्सच्या कामाची क्रश सँड महिनाभर गेटपाशीच पडून होती. वर गुलमोहर, त्याची पानं इतकी बारीक की थेट भोकांत जातात. आणि हे सगळं रोज सकाळी खराट्याने आत ठासलं जात होतं.

नशीब एवढंच की गाळ बहुतेक वरच्या इंचभरातच अडकतो. म्हणून सफाई मे महिन्यात, सगळं खडखडीत वाळल्यावर करा. माती सुकून आकसते, सुटते. पहिल्यांदा कोरडा व्हॅक्यूम, मोठ्या मोटरचा, भाड्याने मिळतो. मगच प्रेशरचं पाणी, तेही नोझल तिरकं धरून. आमच्या माणसाने पहिल्या दिवशी नोझल सरळ खाली रोखलं आणि चिखल आणखी खोल बसवला. ते दोन चौरस मीटर आजही मंद आहेत. उडालेला गढूळ राडा तिथेच सुकू देऊ नका, ओल्या व्हॅक्यूमने लगेच ओढा. एवढं करूनही जो तुकडा जिरवत नाही तो कापून नव्याने भरा. वरून सिमेंटचं पाणी मारून डागडुजी करायला कुणी आलं तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

आता खराटा बंद, वाळूचा ढीग ताडपत्रीवर, प्लॉटच्या बाजूला विटांचा बुटका बांध घातला आहे. सफाईनंतर गेटपाशी ३.६ लिटर ५० सेकंदांत गेलं. तारीख आणि आकडा वॉचमनच्या केबिनच्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवलाय. पुढच्या मे महिन्यात त्याच जागी कडं ठेवणार.