कामाच्या ठिकाणची सुरक्षितता: या चुका टाळा

अनेक कारखान्यांच्या प्रवेशद्वाराशी 'अपघाताविना इतके दिवस' असा फलक असतो. आकडा वाढला की व्यवस्थापन खूश होते, क्वचित साऱ्या विभागाला बक्षीसही मिळते. आणि मग ज्याचे बोट कापले तो कामगार चिंधी गुंडाळून गप्प बसतो, कारण सगळ्यांचे बक्षीस आपल्यामुळे जावे असे कोणालाच वाटत नाही. फलकावरचा आकडा वाढत राहतो, धोका मात्र होता तिथेच राहतो. म्हणून बक्षीस द्यायचेच असेल तर ते नोंदींना द्यावे: वरून पान्हा पडला पण कोणाला लागला नाही, पाय घसरला पण सावरला, असे थोडक्यात निभावलेले प्रसंग महिन्याभरात किती कळवले गेले ते मोजावे. मोठ्या विभागात महिना गेला आणि अशी एकही नोंद नाही, तर लोकांनी सांगणे सोडले आहे असे समजावे. बहुतेकदा याचे कारण आधीच्या तक्रारीचे पुढे काय झाले हे त्यांना कोणी कळवलेलेच नसते, हे असते.

दुसरी चूक उपायांच्या क्रमाची आहे. सुरक्षा म्हटले की हेल्मेट, मास्क आणि हातमोजे यांची खरेदी होते, पण उपायांच्या उतरंडीत ही साधने सर्वांत खाली येतात. आधी धोका मुळातच काढून टाकता येतो का ते पाहावे. नाहीतर घातक पदार्थाच्या जागी सौम्य पदार्थ वापरावा. तेही शक्य नसेल तर यंत्राला आडोसा किंवा धूळ शोषणारी यंत्रणा बसवावी. त्यानंतर कामाची पद्धत आणि वेळापत्रक बदलावे, आणि उरलेल्या धोक्यासाठी अंगावरची साधने द्यावीत. दगड कापताना पाते पाण्याने भिजते ठेवले तर धूळ हवेत पसरण्याआधीच बरीच दबते. याउलट घट्ट बसणारा मास्क दाढीवर लावला तर कडेने फट राहते आणि धूळ तिथूनच आत जाते. कानातल्या बोळ्यांचेही तसेच आहे. फोमचा बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत धरून ठेवावा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला बोळा जवळपास निरुपयोगी असतो. सर्वसाधारणपणे 85 डेसिबल आवाजात दिवसाला 8 तास ही मर्यादा मानतात, आणि अनेक मानकांनुसार दर 3 डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे 88 डेसिबलला 4 तास आणि 91 ला केवळ 2.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र चौकशीत होते. यंत्राचे गार्ड, म्हणजे संरक्षक झाकण, काढलेले होते, हात अडकला, आणि अहवालात 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहून फाइल बंद झाली. वास्तविक त्या यंत्रापाशी थोडा वेळ उभे राहिले तर दिसते की दर अर्ध्या तासाला कीस अडकतो, गार्ड चार बोल्टांनी आवळलेले आहे, आणि ते उघडून पुन्हा बसवण्याइतकी सवड उत्पादनाच्या उद्दिष्टात धरलेलीच नाही. ते बोल्ट टेबलाच्या खणात महिनोन्महिने पडून असतात, आणि हे पर्यवेक्षकालाही ठाऊक असते. अशा ठिकाणी तंबी देऊन काही साधत नाही. बिजागरीचे गार्ड आणि ते उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉक बसवावा, आणि कीस का अडकतो हेही शोधावे.

दुरुस्तीच्या वेळी केवळ बटण बंद करणे पुरेसे नसते. काम करणाऱ्या प्रत्येकाने मुख्य स्विचला स्वतःचे कुलूप लावावे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी, साठलेला दाब व ताणलेल्या स्प्रिंगा मोकळ्या कराव्यात आणि शेवटी यंत्र सुरू करून पाहावे. ते सुरू होता कामा नये. टाकीत किंवा गटारात उतरण्यापूर्वी हवा मोजावी: ऑक्सिजन साधारण 20.9 टक्के असायला हवा, 19.5 च्या खाली गेला तर आत जाऊ नये. आत कोणी कोसळला तर त्याच्यामागे धावत उतरू नये. या दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच अनेकदा दगावतात.

राहिला प्रश्न मनःस्वास्थ्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये 'बर्नआउट'ची, म्हणजे कामाने पार थकून खचून जाण्याची, व्याख्या नीट आवर न घातलेल्या, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाचा परिणाम अशी केली, तरीही उपाय म्हणून कामगारालाच ध्यानाच्या वर्गाला पाठवले जाते. या संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी जास्त आढळतो. ध्यानाचा वर्ग वाईट नाही, पण तो सुटीच्या दिवशी ठेवला असेल तर हेतूच फसला. आधी जादा तासांचा हिशेब काढावा. पाळ्या फिरत्या असतील तर त्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या क्रमाने फिरवाव्यात, आणि वेळापत्रक पक्के करण्याआधी ते पाळीवरच्या माणसांना दाखवावे.