गाडी खाली घेतल्यावर ताशी 60 मैलांना येणारी थरथर : माझा अनुभव

माझी गाडी 1969 ची शेव्हर्ले कमॅरो, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). लोअरिंग ब्लॉक (पाटे आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणारे ठोकळे) टाकून मागची बाजू 2 इंच खाली घेतली आणि ताशी 60 मैलांच्या पुढे सीटखालून थरथर सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची, सोडला की कमी. चाकांचं बॅलन्सिंग, प्रोपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचं) बॅलन्सिंग, त्याच्या टोकांचे नवे सांधे (यू-जॉइंट), कशानेही फरक पडला नाही. अक्षरशः जीव मेटाकुटीला आला होता.

दोष पिनियनच्या, म्हणजे ॲक्सलमधल्या ज्या दांड्याला प्रोपेलर शाफ्ट जोडतो त्याच्या, कोनात होता. थरथर ॲक्सिलरेटरवर बदलत असेल, तर आधी हाच तपासा.

मोजताना गाडीचं वजन चाकांवरच हवं. बॉडी जॅकवर उचलून ॲक्सल लोंबकळत ठेवला, तर आकडे निरुपयोगी. डिजिटल अँगल गेजने पाहिलं : गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे 3 अंश उतरता, पिनियनचं नाक 5 अंश वर. दोन्ही समांतर हवेत, म्हणजे नाकही 3 अंश वर. शिवाय जोर लागला की पाटे पिळून नाक आणखी वर जातं, म्हणून उभ्या गाडीत ते 2 अंश कमी ठेवायचं. म्हणजे 1 अंश वर.

मग बॉडी स्टँडवर, ॲक्सलखाली जॅक. यू-बोल्ट (ॲक्सल पाट्यांना आवळून धरणारे U आकाराचे बोल्ट) सोडवून ब्लॉक आणि ॲक्सलच्या बैठकीमध्ये 4 अंशांची स्टीलची पाचर बसवली (5 वरून 1 वर आणायला), जाड बाजू मागे. ॲल्युमिनियमची घेऊ नका, दबून फुटते. ॲक्सल जागेवर धरणारी मधली खुंटी भोकात नीट बसल्याची खात्री केली, नवे यू-बोल्ट तिरके-समोरासमोर आवळले, गाडी चाकांवर उतरवून कोन पुन्हा मोजला.

थरथर पूर्ण गेली. शंभरेक मैलांनंतर यू-बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. ते हमखास थोडे सैल होतात.