सोलरच्या आधी बिल बघा: ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये वीज कशी वाचवावी

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहा नाहीतर नेरूळच्या सिडको वसाहतीत, घर पर्यावरणपूरक करायचं म्हटलं की चर्चा थेट गच्चीवरच्या सोलरवर जाते. माझ्या मते सोलर ही शेवटची पायरी आहे. वापर कमी न करता पॅनेल लावणं म्हणजे गळकी टाकी तशीच ठेवून मोठा पंप आणणं.

पायरी 1: बिल आणि मीटर

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यातला जानेवारी आणि मे शेजारी मांडा. जानेवारीचा आकडा साधारण फ्रिज, गीझर, दिव्यांचा. मे महिन्यात त्यावर जो चढतो तो बहुतेक एसी-पंख्यांचा. घरगुती दराचे टप्पे 0-100, 101-300, 301-500 आणि 500 च्या पुढे असे आहेत, आणि दर टप्प्याला युनिट महागतं. म्हणून वाचवलेलं युनिट कायम तुमच्या सर्वांत महाग टप्प्यातून कमी होतं. 340 युनिटांवरून 290 वर आलात, तर त्यातली 40 तिसऱ्या टप्प्यातली असतात.

कोणतं उपकरण किती खातं, ते मीटरच सांगतो. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटाला किती वेळा लुकलुकणार तो आकडा, समजा 3200, शेजारी लिहिलेला असतो. मीटर बहुधा तळमजल्याच्या मीटर रूममध्ये असतो. त्यामुळे एकाने खाली थांबायचं, एकाने घरात, आणि फोन चालू ठेवायचा. सगळं बंद करून एकच उपकरण लावा आणि मिनिटभर मोजा. 32 वेळा लुकलुकला, तर मिनिटाला युनिटाचा शंभरावा भाग, तासाला 0.6 युनिट, म्हणजे ते उपकरण 600 वॅट घेतंय. सगळं बंद असूनही दिवा लुकलुकत असेल, तर सेट टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर यांचे प्लग काढून पुन्हा बघा. तरीही थांबला नाही, तर इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घ्या.

पायरी 2: ऊन काचेबाहेर अडवा

पश्चिमेची मोठी सरकती खिडकी दिसायला छान, पण एप्रिलच्या दुपारी तीच खोली तापवते. आतल्या पडद्याने थोडंच भागतं, कारण पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे ते घरात आलेलंच असतं. बाहेरून बांबूची चिक किंवा हिरवी जाळी लावा. दर्शनी भागाबद्दल सोसायटीचे नियम असतात, म्हणून आधी कमिटीला विचारा. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल, तर गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग हा पहिला खर्च. एअर कूलर मात्र घेऊ नका. खाडीकाठच्या दमट हवेत तो खोलीत आणखी ओल भरतो.

पायरी 3: पंखे, मग एसी

जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. रोज 12 तास चालणारे तीन पंखे बदलले, तर महिन्याला 48 युनिटांच्या घरात बचत होते. पैसे थोडेच असतील, तर जो पंखा सर्वांत जास्त वेळ फिरतो तो आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

एसी 24 ते 26 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावा. बीईई म्हणजे उपकरणांना ताऱ्यांचं लेबल देणाऱ्या केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. फिल्टर घरीच धुता येतो. नवा घेताना नुसते तारे मोजू नका, लेबलवर ते कोणत्या वर्षांसाठी दिलेत तेही बघा. निकष वेळोवेळी कडक होतात आणि जुन्या स्टॉकचे पाच तारे नव्या पाचांच्या तोडीचे नसतात.

गीझर, अगदी थोडक्यात: 15 लिटरची टाकी एकदा तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. आंघोळी एकापाठोपाठ उरकून बटण बंद करा.

पायरी 4: सोसायटीची मीटिंग

खरी मोठी बचत कॉमन मीटरवर असते. पार्किंग आणि जिन्यात सेन्सरवाले एलईडी लावा. पाण्याचा पंपही बघा: 1,000 लिटर पाणी 20 मजले चढवायला पाव ते अर्धा युनिट जातो, त्यामुळे नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) लावले आणि गळके फ्लश दुरुस्त केले की पाण्यासोबत वीजही वाचते.

आता सोलर. एक किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला चार युनिटांच्या आसपास मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये बरेच कमी. केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलरच्या योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे. गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड घालायचा विचार असेल, तर दोन्ही कामं एकत्र काढा, म्हणजे सांगाडा दोनदा उभारावा लागणार नाही. सर्वसाधारण सभेत ठराव करा, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या आणि मगच नेट मीटरिंगचा (जास्तीची सोलर वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करण्याचा) अर्ज भरा. कोटेशन मागवताना लिफ्ट आणि पंपाची वर्षभराची बिलं सोबत द्या, आणि पॅनेल धुवायला गच्चीवर पाण्याचा नळ हवा हेही त्यातच लिहा.