ऑनलाइन सार्वजनिक आरोग्य शिकताय? आकडा कुठून आला ते आधी पाहा

ब्रिटनमधल्या विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतलात तर व्याख्यानं झेपतात. दमवतं ते गटकार्य. तीन देशांतले तीन जण आपापल्या देशाचा आकडा आणतात, कुणीतरी ते एका तक्त्यात चिकटवतं आणि गुण तिथेच जातात.

विषय अर्भक मृत्युदराचा, म्हणजे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांच्या प्रमाणाचा आहे असं धरा. नेपाळचा सहाध्यायी त्यांच्या २०२२ च्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणातून (डीएचएस) २८ आणतो. केनियाची सहाध्यायी त्यांच्या २०२२ च्या डीएचएसमधून ३२ आणते. तुम्ही एसआरएस, म्हणजे नमुना नोंदणी पद्धतीचा अहवाल उघडता. तिथे भारताचा २०२० चा दर २८. तिन्ही आकडे अधिकृत, तिन्ही दर हजार जिवंत जन्मांमागे. भारत नेपाळच्या बरोबरीला, केनियाच्या पुढे. पण भारताच्याच एनएफएचएस-५ मध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, हा दर ३५ आहे. तो घेतला की भारत तिघांत शेवटी जातो.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगळ्या काळाबद्दल बोलतात. एसआरएसमध्ये निवडलेल्या गावांत आणि शहरी गटांत जन्म-मृत्यूंची वर्षभर नोंद होते, दर सहा महिन्यांनी वेगळी पाहणी होते, दोन्ही याद्या जुळवतात आणि न जुळलेल्या नोंदी पुन्हा तपासतात. आकडा त्या एका वर्षाचा. एनएफएचएस-५ मध्ये १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना त्यांच्या सगळ्या बाळंतपणांबद्दल विचारलं आणि मुलाखतीच्या आधीच्या पाच वर्षांचा दर काढला. क्षेत्रकाम २०१९ ते २०२१, म्हणजे आकड्याचा मध्य साधारण २०१७ च्या आसपास. त्या वर्षी एसआरएसचाही दर ३३ होता! दर घसरत असताना पाच वर्षांची सरासरी ताज्या वर्षापेक्षा जास्तच येणार. उरलेला फरक पद्धतीचा, स्मरणातल्या चुकांचा आणि नमुन्याचा.

म्हणून भारताचा एनएफएचएस घ्या आणि नेपाळ-केनियाचा डीएचएस. हे एकाच घराण्यातले आहेत. तरीही संदर्भकाळ दोन-तीन वर्षांनी सरकलेला आहे, ते तक्त्याखाली लिहा. प्रत्येक आकड्यापुढे पाच रकाने ठेवा: स्रोत, संदर्भकाळ, वयोगट, छेद (कितींमागे मोजलं ती संख्या), विश्वासांतर (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा ती मर्यादा). रकाना रिकामा असेल तर तो आकडा तक्त्यात घेऊ नका. गटातल्या कुणाला हे किचकट वाटेल, वाटू द्या. तीन देशांचे आकडे डीएचएसच्या स्टॅटकंपायलर या ऑनलाइन साधनातून एकत्र काढता येतात. मात्र तिथून उचललेला आकडा मूळ अहवालात एकदा पडताळा. मातामृत्यूतही हेच होतं: भारतासाठी दर लाख जिवंत जन्मांमागे एसआरएसचा २०१८-२० चा आकडा ९७, संयुक्त राष्ट्रांच्या गटाचा २०२० चा अंदाज १०३. एक मोजणीतून आलेला, दुसरा प्रतिमानातून (संख्याशास्त्रीय मॉडेलमधून).

हे एकदा हाताला बसलं की पुढचे विषय सोपे जातात. गणितात कच्चे आहात म्हणून घाबरू नका. अंश आणि छेद ओळखता आला तरी पहिलं सत्र निभावतं.

तयार उत्तरं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. पकडले गेलात तर पदवीच धोक्यात येते, नाही पकडले गेलात तर पुढच्या विषयात अडकता. मार्गदर्शक निवडतानाही जपा. मोठ्या संस्थेतला, पण तुमचा मसुदा न वाचणारा माणूस काही कामाचा नाही. त्यापेक्षा ‘हा छेद कुठून आणलास?’ असं विचारणारी सहाध्यायी बरी. सुरुवातीला आपण भारतीय विद्यार्थी बैठकीत मान डोलावत बसतो आणि मतभेद नंतर खासगीत सांगतो. तिथे मात्र गप्प बसणं म्हणजे होकार समजतात.

वेळेचं थोडक्यात. ‘लंडन वेळ २३:५९’ ही मुदत उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ४:२९ ला संपते, हिवाळ्यात ५:२९ ला. तिकडचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. नैरोबी आपल्या अडीच तास मागे, काठमांडू पंधरा मिनिटं पुढे. बैठकीची वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच लिहा. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाका, ते फुकट आहे.

आणि फी भरण्याआधी एक काम. सरकारी नोकरी किंवा इथली पीएचडी डोक्यात असेल, तर परदेशी ऑनलाइन पदवीला समकक्षता मिळेलच असं धरून चालू नका. यूजीसीचे सध्याचे नियम स्वतः वाचा आणि विद्यापीठाला ईमेल करून विचारा, की पदवीपत्रावर अभ्यासक्रम ऑनलाइन होता असा उल्लेख येतो का. प्रवेश विभागाचं तोंडी ‘काही अडचण येत नाही’ पुरेसं नाही. उत्तर लेखी घ्या.