इंग्रजीतून लाड करताय? या चुका टाळा

लेकीकडे इंग्लंडला निघालेली माणसं माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "ताई, लाडाच्या शब्दांची एक यादीच द्या." मी देत नाही. याद्या फोनवर ढिगाने आहेत, आणि घोटाळे त्यांच्यातूनच होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा मी स्वतःच केलाय. नॉटिंगहॅमच्या बागेत एक काळासावळा, गोड मुलगा घसरगुंडीवर उलटा चढत होता. नातवाला मी दिवसभर 'माकडा' म्हणते, तिथल्या गोऱ्या आयाही आपल्या पोरांना 'चीकी मंकी', म्हणजे खट्याळ माकड, म्हणताना ऐकलं होतं. मी कौतुकाने ओरडले, "कम डाउन, मंकी!" त्याची आई आली, त्याला उचललं आणि एक शब्द न बोलता निघून गेली. घरी लेकीने मला फैलावर घेतलं. काळ्या माणसांना माकड म्हणून हिणवण्याचा तिकडे जुना इतिहास आहे. २०१८ साली एच अँड एम या कपड्यांच्या कंपनीने एका काळ्या मुलाला 'कूलेस्ट मंकी इन द जंगल' लिहिलेला स्वेटशर्ट घालून फोटो वेबसाइटवर टाकला, तेव्हा कंपनीला जाहीर माफी मागावी लागली होती. मला हे माहीतच नव्हतं. आता परक्या मुलाला मी नावानेच हाक मारते. नाव ठाऊक नसेल तर 'स्वीटहार्ट'. प्राणी, पक्षी, भाज्या घरच्यांसाठी.

दुसरं, 'नॉटी'. "आमचा फार नॉटी आहे हो," हे आपण कौतुकाने सांगतो. नर्सरीतल्या बाईंना मी सांगितलं, तर त्या काळजीने विचारायला लागल्या, "काय केलं त्याने?" तिकडे ती तक्रार होते. कौतुक करायचं असेल तर 'चीकी' म्हणा.

चार वर्षांच्या पोराला 'बेबी' म्हणू नका, ते चिडतं. 'पंपकिन' अमेरिकेतलं, ते तिकडेच राहू द्या.

नॉटिंगहॅमचा दुकानदार नातवाला 'डक' म्हणेल, तुम्हालाही म्हणेल. न्यूकॅसलला 'पेट'. बदक म्हटलं म्हणून रागावू नका, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः म्हणायलाही लागू नका! आधी आठवडाभर बाकावर बसून नुसतं ऐका. एवढाही धीर नसलेल्यांना मी शिकवत नाही.

नातवाला मात्र खुशाल 'सोन्या' म्हणा. फक्त तिकडे सोन्या हे मुलीचं नाव आहे. बागेतल्या एका आजोबांनी आमच्या सोन्याला दोन महिने मुलगीच समजलं.