सॉक्स-३ची वेसण पेशींत कशी पाहावी: सहा वेलचा प्रयोग

आयएल-६ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) पेशीच्या ग्राहीला चिकटला की जॅक एन्झाइम जागं होतं आणि स्टॅट-३ या प्रथिनाला फॉस्फेट लावतं. मग स्टॅट-३ केंद्रकात जाऊन जी जनुकं चालू करतो, त्यांतलंच एक सॉक्स-३चं. तयार झालेलं सॉक्स-३ उलट फिरून ग्राहीचाच भाग असलेल्या जीपी-१३०च्या टायरोसिन-७५९ला (७५९व्या जागेवरचं अमिनो आम्ल) धरतं आणि तिथल्याच जॅकला अडवतं. ज्याने जन्म दिला त्यालाच वेसण! सॉक्सच्या कुटुंबात आठ प्रथिनं आहेत, सिस आणि सॉक्स-१ ते ७. पण जॅकला थेट अडवणारा तुकडा फक्त सॉक्स-१ आणि सॉक्स-३मध्ये असतो. सॉक्स-१ नसलेली उंदराची पिल्लं तीन आठवड्यांच्या आत मरतात. सोबत इंटरफेरॉन-गॅमाही (संदेश देणारं दुसरं प्रथिन) काढून टाकला तर वाचतात.

हे चक्र एकाच वेळेच्या नमुन्यात दिसत नाही. पंधराव्या मिनिटाला ब्लॉट (प्रथिन ओळखण्याची चाचणी) केला तर वेसण नाहीच असं वाटेल, चौथ्या तासाला केला तर आयएल-६ने काही केलंच नाही असं.

हेपजी-२ पेशी (माणसाच्या यकृताच्या कर्करोगातून वाढवलेल्या) घ्या. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी पुरवणाऱ्या संस्थेतून खारघर-रबाळ्यापर्यंत मीडियाने (पेशींचं पोषक द्रव) काठोकाठ भरलेला फ्लास्क आला, तर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये तसाच राहू द्या. या पेशी गठ्ठे करतात, म्हणून ट्रिप्सिननंतर (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) पिपेटने नीट मोकळ्या करा. सहा वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ५ लाख. दुसऱ्या दिवशी चार ते सहा तास सीरमशिवाय ठेवा. सीरम राहिलं तर शून्य मिनिटालाच स्टॅट-३ पेटलेला दिसतो.

पावसाळ्यात फ्रीझरमधून काढलेल्या कुपीवर क्षणात पाणी धरतं. पुसून, फिरवून मगच उघडा. आयएल-६ प्लास्टिकला चिकटतो, म्हणून ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेल्या बफरमध्ये १० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. स्टॉक करा, २ मि.लि. मीडियात ४ मायक्रोलिटर टाकले की २० नॅनोग्रॅम प्रति मि.लि. होतं.

वेळा ०, १५, ३०, ६०, १२०, २४० मिनिटं. उलट क्रमाने टाका: आधी २४०ची वेल, शेवटी १५ची. म्हणजे सगळ्या वेल एकत्र थांबतात. शून्याच्या वेलला नुसता बफर. एक प्लेट आरएनएसाठी, एक प्रथिनासाठी.

लायसिस (पेशी फोडणं) बर्फावर, बफरमध्ये फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना थांबवणारं १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट. ते पीएच १०ला आणून रंग जाईपर्यंत उकळलेलं नसेल, तर फॉस्फेट हातातून निसटतं. वेलमागे ३० मायक्रोग्रॅम प्रथिन, १२ टक्के जेल. जेलवरची प्रथिनं उतरवलेलं मेम्ब्रेन ५० किलोडाल्टनला कापा: वरच्या पट्टीत फॉस्फो-स्टॅट-३, खाली २५च्या आसपास सॉक्स-३. फॉस्फोसाठी ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकायला) दूध नको, ५ टक्के बीएसए. सॉक्स-३ फार टिकत नाही, बँड फिका येतो. वेगळ्या वेलमध्ये शेवटचा एक तास १० मायक्रोमोलर एमजी-१३२ (पेशीतलं प्रथिनांचं विघटन थांबवणारं रसायन) द्या, आणि सोबतीच्या वेलला तेवढंच डीएमएसओ (त्याचं द्रावक).

आरएनएत एक खोड आहे. सॉक्स-३चा प्रथिन लिहिणारा सगळा भाग एकाच एक्सॉनमध्ये (जनुकाच्या एका सलग तुकड्यात) असल्याने तिथले पीसीआरचे प्रायमर डीएनएवरही चालतात. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) द्या, आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवायची (आरएनएपासून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमाविनाची) नळी लावाच. तुलनेचं जनुक जीएपीडीएच तेवढाच राहून सॉक्स-३चा सीटी (पीसीआरची किती फेऱ्यांनी संकेत दिसू लागतो तो आकडा) २८ वरून २४ला आला, तर वाढ १६ पट.

साधारणपणे फॉस्फो-स्टॅट-३ १५ ते ३० मिनिटांत चढतो, सॉक्स-३चा आरएनए तासाभरात, आणि मग फॉस्फो उतरू लागतो. तो नव्या प्रथिनामुळेच उतरला का, हे पाहायला आयएल-६च्या अर्धा तास आधी सायक्लोहेक्झिमाइड (नवं प्रथिन बनणं थांबवणारं) द्या, १० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. दोन तासांनीही फॉस्फो टिकून राहिला तर उतरणीला नवं प्रथिन लागतं. ते सॉक्स-३च, असं म्हणायला मात्र एसआयआरएनएने (जनुकाचा आरएनए नष्ट करवणारा छोटा आरएनए तुकडा) त्याला पाडून तोच प्रयोग पुन्हा करावा लागेल. सायक्लोहेक्झिमाइडच्या वेलमध्ये सॉक्स-३चा आरएनए उलट जास्तच चढतो. तिथे आरएनएचा आकडा प्रथिनाचा समजू नका.