गोचीड, जंत आणि कुत्र्याची इम्युनिटी: पॅरासायटॉलॉजीकडे वळणाऱ्या नवीन पोरापोरींसाठी

नीट देऊन बीव्हीएस्सीला लागलेली पोरं मला विचारतात की ताई, इम्युनॉलॉजी डोक्यात जात नाही, काय करू. माझंही जात नव्हतं. मी सेमिनरी हिल्सच्या आपल्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत होते तेव्हा इम्युनॉलॉजी मायक्रोबायोलॉजीच्या वहीत आणि जंत-गोचीड पॅरासायटॉलॉजीच्या वहीत, दोन्ही वह्यांची कधी गाठच पडली नाही. ती पडली इंटर्नशिपमध्ये, आणि तीसुद्धा माझ्याच चुकीमुळे.

मे महिना, नागपूरचं ऊन तुम्हाला सांगायची गरज नाही. एक ऑटोवाले काका त्यांच्या शेरूला मागच्या सीटवर ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. गावठी कुत्रा, दोन दिवस जेवला नव्हता, हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी गडद तपकिरी आणि कानात गोचिडांची रांग. पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशी किती टक्के ते, आला 13, निरोगी कुत्र्याचा साधारण 37 ते 55 असतो. मी पायाच्या शिरेतून रक्त घेतलं, काचेवर पसरून गिम्सा रंग दिला, दहा मिनिटं मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि रिपोर्टवर निगेटिव्ह लिहून मोकळी झाले.

सिनियर सरांनी काही न बोलता कानाच्या टोकाला सुई टोचून नवीन स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर) काढायला लावला. बारीक रक्तवाहिन्यांतल्या रक्तात बबेसिया, म्हणजे गोचिडातून येऊन लाल पेशीत राहणारा परजीवी, सापडायचा चान्स जास्त असतो, हे मी परीक्षेत लिहूनही आले होते बरं का. अर्धा तास बघितल्यावर मिळालं, लाल पेशीत एवढुसं टिंब आणि त्याला कडं, बबेसिया गिब्सोनी, म्हणजे लहान बबेसिया. (लाल पेशीवर बसलेली प्लेटलेट पण अशीच दिसते, तिच्याभोवती बहुतेक वेळा फिकट वलय असतं. आणि रंगाचा गाळ तर नवीन माणसाला सगळीकडे परजीवीच वाटतो. दोन्हीला मी फसले आहे.)

पण माझं डोकं अडलं ते पुढे. अख्ख्या स्लाइडवर मोजून चार-पाच पेशींत परजीवी, मग पीसीव्ही 13 कसा? बाकीच्या पेशी खाल्ल्या कोणी? सरांनी काचेवर रक्ताचा थेंब घेऊन त्यात सलाइन टाकायला सांगितलं. नाण्यांच्या चळतीसारख्या नुसत्या चिकटलेल्या पेशी सलाइनमध्ये सुटतात, शेरूच्या सुटल्याच नाहीत, तसेच गठ्ठे राहिले. म्हणजे पेशींवर अँटिबॉडी बसलेल्या होत्या. शेरूचीच इम्युन सिस्टिम परजीवी असलेल्या पेशींसोबत धडधाकट पेशीही मारत होती, प्लीहा त्या गाळून काढत होती. बबेसिया थोडा, नुकसान घरच्यांनीच जास्त केलेलं.

आणि तेवढ्यात काका म्हणतात, "मॅडम, याले ते इम्युनिटी वाढवाची बाटली लिहून द्या ना." काय सांगणार! पुढे स्टेरॉइडवरून अर्धा तास खल झाला, कारण इम्युनिटी दाबली तर बबेसियाला रान मोकळं आणि नाही दाबली तर रक्त संपतंय. शेवटी आधी रक्त चढवायचं आणि परजीवीवर औषध, स्टेरॉइड गरज पडली तरच, असं ठरलं. औषधातही गंमत आहे, मोठ्या बबेसियावर इमिडोकार्ब छान चालतं पण गिब्सोनीला ते पुरत नाही, तिथे अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनची जोडी लागते, आणि तिची किंमत ऐकून मालक गप्प होतो.

त्या दिवसापासून मी प्रत्येक परजीवीला एकच प्रश्न विचारते, हा राहतो कुठे? पेशीच्या आत लपणारा असेल तर नुसत्या अँटिबॉडी त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, तिथे टीएच-1 (मदतनीस टी पेशींचा एक गट), त्यांचा निरोप म्हणजे इंटरफेरॉन गॅमा आणि त्याने चेतवलेल्या मॅक्रोफेजचं, म्हणजे गिळणाऱ्या पेशींचं काम. मॅक्रोफेजच्याच आत राहणाऱ्या लेशमानिया या परजीवीत हे सगळ्यात स्वच्छ दिसतं, ज्या कुत्र्यात अँटिबॉडी ढीगभर तेच कुत्रं जास्त आजारी, कारण अँटिबॉडी आणि अँटिजेनचे गुंते किडनीत जाऊन अडकतात. उलट आतड्यातला जंत एवढा मोठा की कुठलीच पेशी त्याला गिळू शकत नाही, मग गिळता येत नाही तर ढकलून लावा: टीएच-2 (मदतनीस टी पेशींचा दुसरा गट), त्यांचे निरोप म्हणजे इंटरल्यूकिन आयएल-4, आयएल-5, आयएल-13, आयजीई जातीची अँटिबॉडी, चिकट म्युकस, आतड्याची हालचाल आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी. एवढं समजलं की आयएलचे आकडे पाठ करावे लागत नाहीत, म्हणजे कमी करावे लागतात.

टॉक्सोकारा या कुत्र्याच्या गोल जंताची चाल तर मला अजूनही आवडते. मोठ्या कुत्रीत त्याच्या अळ्या स्नायूंत गुपचूप पडून असतात, इम्युनिटी त्यांना आतड्यापर्यंत येऊ देत नाही, पण संपवतही नाही. कुत्री गाभण राहिली की शेवटच्या तिसऱ्या टप्प्यात त्या जाग्या होतात आणि नाळेतून पिल्लांत जातात. म्हणून पिल्लाचं पहिलं जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयाला. मालक म्हणतात एवढ्याशा जिवाला कशाला, त्यांना पोटफुगी दाखवा.

डेमोडेक्सचं थोडक्यात, तो किडा बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या अंगावर असतोच, इम्युनिटी ढिली पडली की केस जायला लागतात. खाज म्हणून कोणी स्टेरॉइड देऊन आणलेलं कुत्रं दिसलं तर आधी स्किन स्क्रॅपिंग करा, म्हणजे त्वचा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघा.

व्हायवासाठी दोन गोष्टी. एर्लिकिया गोचिडातून येत असला तरी तो बॅक्टेरिया आहे, परजीवी म्हणालात की गेलात. आणि रॅपिड किटवर त्याची अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे आजच आजार आहे असं नाही, बरं झाल्यावरही ती कित्येक महिने दिसते.

शेरू तीन आठवड्यांनी चालत आला, पीसीव्ही 34. पावसाळ्यात काकांचा फोन, शेजारच्या लॅब्राडोर कुत्र्याला रक्त पाहिजे, शेरूचं चालेल का. नाही म्हटलं, गिब्सोनी झालेलं कुत्रं बरं दिसलं तरी आत थोडा परजीवी बाळगून असू शकतं, ते रक्त दुसऱ्याला द्यायचं नाही. काका थोडे नाराज झाले, मग म्हणाले, "मंग याची प्लीहा कधी काढू नका म्हणता?" हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे, पण बरोबर होतं, परजीवी असलेल्या पेशी गाळून काढते ती प्लीहाच.